मुंबईचे ताट

प्रस्तावना

पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला आपले घर बरोबर नेता येत नाही, शेत नेता येत नाही. जिभेवरची चव मात्र त्याच्यासोबत जाते. परक्या शहरात दिवसभर राबून आल्यावर त्याला प्रथम आठवते ते घरचे जेवण. मुंबईतील खाणावळी आणि उपाहारगृहे बऱ्याच अंशी याच आठवणीतून उभी राहिली. ती कोणी उभी केली, ऋतूंनुसार शहराचे ताट कसे बदलते आणि ते वाढणाऱ्या हातांना काय मिळाले, याचा परिचय या पाठातून आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• मुंबईत खाणावळी, इराणी हॉटेले आणि उडुपी उपाहारगृहे का निर्माण झाली, हे सांगता येईल;
• ऋतू आणि आहार यांचा संबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्रमांविषयी स्वतःचे मत मांडता येईल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत योग्य उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. खाणावळ : घराबाहेरचे घर

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी हा परिसर गिरण्यांच्या भोंग्यांवर उठू-झोपू लागला. कोकणातून आणि घाटावरून हजारो तरुण या गिरणगावात आले. बायकामुले गावी आणि कमावता पुरुष मुंबईत, अशी संसाराची विभागणी झाली. चाळीतील एका खोलीत अनेक जण राहत. दिवसपाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर अंग टाकत. अशा खोलीत चूल कोणी आणि केव्हा पेटवायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधले ते गिरणगावातीलच बायकांनी. कोणाचा नवरा आजारी, कोणाला वैधव्य आलेले, कोणाच्या घरी एका पगारात भागत नसलेले. आपल्याच चुलीवर चार माणसांचे जास्तीचे शिजवून त्यांनी खाणावळी सुरू केल्या. पहाटे उठून पाणी भरायचे, पाळीच्या वेळेआधी भाकऱ्या थापायच्या, कालवण करायचे, डबे भरायचे आणि रात्री उशिरा आलेल्यालाही ताट वाढायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. कामगार पैसे देत ते पगार झाल्यावर. वाण्याची उधारी मात्र रोजच वाढे. एवढे करूनही ‘ही बाई काय करते?’ असे कोणी विचारले, तर ‘काही नाही, घरीच असते’, असेच उत्तर मिळे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी गिरण्यांत संप झाले. पगार थांबले, पण भूक थांबली नाही. खाणावळवाल्या बायकांनी पदरमोड करून, प्रसंगी अंगावरचे दागिने गहाण ठेवून कामगारांना जेवू घातले. संप मिटले, तरी सावकाराचे व्याज मिटले नाही. कामगार चळवळीत आणि त्यापूर्वी गोवा मुक्तिसंग्रामात काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी ही कोंडी ओळखली. १९७५ साली त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. बायकांचे गट करून, त्यांनी एकमेकींची हमी घ्यावी आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून माफक व्याजाने कर्ज मिळवावे, अशी ही योजना होती. बँकेच्या अर्जात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. ज्या कामाची गणना कधी झाली नव्हती, ते काम आता त्या रकान्यात लिहिण्याजोगे ठरले. प्रेमा पुरव यांना २००२ साली ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. या दीर्घ संपाने गिरणगावाची घडी विस्कटली. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या, कामगार गावी परतले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक खाणावळीही ओसरल्या. ‘अन्नपूर्णा’च्या स्त्रियांनी मात्र कार्यालयांना जेवण पुरवणे, पोळीभाजी विकणे असे नवे मार्ग शोधले.

२. इराण्याचा चहा, उडुप्याची इडली

मुंबईत पोटासाठी आले ते केवळ मराठी लोक नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणमधील यझ्द, केरमान या भागांतून अनेक कुटुंबे येथे आली. त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर हॉटेले थाटली. संगमरवरी मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन-मस्का आणि घट्ट दुधाचा चहा ही त्यांची ओळख. धोबीतलाव येथील ‘कयानी’ १९०४ मध्ये आणि बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ मध्ये सुरू झाले. ज्या काळी कोणी कोणाच्या हातचे खावे यावर जातीची बंधने होती, त्या काळी इराण्याच्या हॉटेलात चहाचे पैसे देणारा कोणीही कोणाच्याही शेजारी बसू शकत असे. एका कपाच्या किमतीत शहराने मिळवलेली ही मोठी गोष्ट होती.

दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी उडुपी उपाहारगृहे काढली. माटुंगा हे त्यांचे मोठे केंद्र. तेथे १९४२ साली ए. रामा नायक यांनी सुरू केलेल्या भोजनालयात केळीच्या पानावर वाढलेले साधे, सात्त्विक जेवण प्रसिद्धीस आले. या उपाहारगृहांत काम करणारी अनेक मुले लहान वयात गाव सोडून आलेली असत. दिवसा ती मेजे पुसत, भांडी घासत आणि संध्याकाळी कन्नड रात्रशाळेच्या बाकावर बसत. त्यांतील कित्येकांनी पुढे स्वतःचा व्यवसाय उभारला. शिक्षणाची वेळ टळली, तरी शिक्षणाची वाट बंद होत नाही, याचा हा बोलका दाखला आहे.

पाठगत प्रश्न – १

योग्य पर्याय निवडा.
(अ) अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना कोणत्या साली झाली?
(i) १९४२ (ii) १९७५ (iii) १९८२
(आ) उडुपी उपाहारगृहांचे मोठे केंद्र कोणते?
(i) माटुंगा (ii) धोबीतलाव (iii) लालबाग

३. ऋतूंची पंगत

मुंबईत शेते फारशी नाहीत; तरीही ऋतू बदलल्याचे या शहराला ताटातून कळते. चैत्र-वैशाखात कोकणातून हापूस येतो आणि भोजनालयांतून आमरस-पुरीची ताटे सजतात. याच उन्हात कोळीवाड्यांत बोंबील आणि जवळा वाळत घातला जातो. कारण पुढे जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत सुक्या मासळीचाच आधार असतो.

पहिल्या पावसाबरोबर शेवळे, टाकळा, कुरडू, करटोली अशा रानभाज्या बाजारात येतात. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया त्या रानातून खुडून आणतात आणि दादरसारख्या बाजारांत पदपथावर बसून विकतात. शेवळे नीट शिजवली नाहीत, तर घशाला खाज सुटते; म्हणून त्यांच्यासोबत काकड नावाची आंबट फळे विकली जातात. कोणती भाजी केव्हा खुडावी, तिचा कोणता भाग टाकावा आणि ती कशाबरोबर शिजवावी, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. अलीकडच्या वर्षांत राज्याच्या कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरवले जातात. तेथे या स्त्रिया भाज्यांबरोबर त्यांची पाककृतीही समजावून सांगतात.

थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी रायगडमधून, तर उंधियु सुरतेकडून येतो. दोन्ही पदार्थ मूळचे शेतातले आणि मडक्यात शिजणारे. ‘उंधियु’ या नावातच ‘उलटे’ ठेवलेले मडके आहे. हिवाळ्यातच वेसावे येथील कोळी समाजाचा मासळी महोत्सव रंगतो. २००६ साली सुरू झालेल्या या महोत्सवात कोळणी स्वतः पदार्थ रांधून विकतात. रमजानच्या महिन्यात महंमद अली मार्गावर संध्याकाळी मालपुवा, फिरनी आणि नल्ली-निहारीसाठी सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. चांद्र वर्षामुळे हा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो आणि त्यामुळे ही खाद्यजत्रा सर्व ऋतूंतून फिरून येते.

४. गिरणीच्या आवारातील नवे स्वयंपाकघर

बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर कालांतराने कार्यालये आणि उंची उपाहारगृहे उभी राहिली. लोअर परळमधील कमला मिलच्या आवारात २०१५ साली ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झाले. मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपास आलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. परदेशी पदार्थांची नक्कल न करता देशी धान्ये, स्थानिक भाज्या आणि त्या-त्या ऋतूतील जिन्नस वापरावेत, हा तेथील आग्रह होता. तेथील मुख्य शेफ थॉमस झकरिया हे निरनिराळ्या प्रांतांत हिंडून घरोघरच्या स्त्रियांकडून पाककृती शिकले. पुढे २०२२ साली त्यांनी स्थानिक अन्नपरंपरांसाठी ‘द लोकॅव्होर’ हा उपक्रम सुरू केला. कार्डोझ यांचे २५ मार्च २०२० रोजी करोनाच्या आजाराने निधन झाले. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागू झाली. मुंबईतील उपाहारगृहांच्या चुली विझल्या आणि हातावर पोट असणाऱ्या असंख्य आचाऱ्यांना, वाढप्यांना गावाची वाट धरावी लागली. ताट वाढणाऱ्याचेच ताट किती असुरक्षित असते, हे त्या दिवसांत सर्वांना दिसले.

ज्या परिसरात एकेकाळी कामगार महिनेवारी खाणावळीत जेवत, त्याच परिसरातील आजच्या उपाहारगृहांत एका वेळचे जेवणही त्यांच्या मुलानातवंडांना सहज परवडेल असे नाही. शेफचे नाव वृत्तपत्रांत छापून येते, ते योग्यच आहे. त्यामागे कौशल्य आणि कष्ट असतात. परंतु ज्या आजीने ती आमटी शिकवली आणि जिने शेवळे रानातून आणली, त्यांची नावे पदार्थांच्या यादीत क्वचितच असतात. आपल्या जेवणात कोणाकोणाचे श्रम आहेत आणि त्यांतील कितींना त्यांचा मोबदला मिळाला, हा प्रश्न खाणावळीच्या ताटापुढे जेवढा खरा होता, तेवढाच आजही खरा आहे.

शब्दार्थ

घाट – (येथे) सह्याद्रीच्या पलीकडील देश भाग
कालवण – भात-भाकरीबरोबर खाण्याचा पातळ पदार्थ
कोंडी – अडचणीत अडकलेली स्थिती
जिन्नस – वस्तू, पदार्थ
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा वा परतफेड

वाक्प्रचार

पदरमोड करणे – स्वतःजवळचे पैसे खर्च करणे
घडी विस्कटणे – सुरळीत चाललेली व्यवस्था बिघडणे
हातावर पोट असणे – रोजच्या कमाईवर गुजराण असणे

पाठान्त प्रश्न

१. गिरणगावात खाणावळींची गरज का निर्माण झाली, ते ५-६ वाक्यांत लिहा.
२. ‘बँकेच्या अर्जातील रकाना’ या उल्लेखातून स्त्रियांच्या श्रमांविषयी काय सुचवले आहे?
३. रानभाज्यांविषयीचे ज्ञान जपणे का आवश्यक आहे? आपले मत सकारण मांडा.
४. वर दिलेल्या तीनही वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम

आपण राहता त्या गावातील किंवा शहरातील एखाद्या खाणावळीतील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी बोला. ती तेथे कोठून आली, स्वयंपाक कोणाकडून शिकली आणि कोणत्या ऋतूत कोणता पदार्थ करते, याची माहिती मिळवून १५ ओळी लिहा. लेखनाच्या आरंभी, त्या व्यक्तीची परवानगी घेऊन, तिचे नाव लिहावयास विसरू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (ii) १९७५. (आ) – (i) माटुंगा