नोंद बदलली, पण निरोप आला का?

सातबारा आपण सगळे ओळखतो. तो आपल्या शेताचा कागद. आपण त्याची नक्कल काढतो, घडी घालतो आणि पेटीत ठेवतो. मग वर्षानुवर्षे पेटी उघडत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घेऊ. पेटीत आहे ती नुसती नक्कल. खरी नोंद सरकारी दप्तरात असते. आता हे दप्तर संगणकात आहे. तिथे नोंद बदलली तरी पेटीतला कागद तसाच राहतो. तो काही बोलत नाही.

मग बदल कळणार कसा? रोज कामधंदा सोडून कचेरीत चकरा मारायच्या का? नाही. शंभर जणांनी रोज विचारायला जायचे, त्यापेक्षा नोंद घेणाऱ्यानेच कळवावे, हे बरे. कायदाही तेच सांगतो.

समजा, भोकरदन तालुक्यातल्या एका गावात दोन भावांचे सामाईक शेत आहे. थोरल्याने आपला हिस्सा विकला. खरेदीखत झाले. त्याची खबर तलाठ्याकडे आली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्याने फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, नोंद घेतली.

तेवढ्याने सातबारा बदलत नाही, बरं का! महाराष्ट्र जमीन महसूल कायदा 1966 सालचा आहे. त्याच्या कलम 150 प्रमाणे तलाठ्याने दोन कामे करायची. नोंदीची प्रत चावडीत लावायची. शिवाय ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे, त्यांना लेखी नोटीस द्यायची. हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. हरकत आली, तर चौकशी होते. नाही आली, तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद मंजूर करतो. मग सातबारा बदलतो. ही नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येते.

आता धाकट्याचे पाहू. तो ऊसतोडीला गेला आहे. नोटीस घरी आली. घरच्यांनी ती न वाचता फळीवर ठेवली. पंधरा दिवस गेले! म्हणून घरी सांगून ठेवावे, "सरकारी कागद आला की लगेच फोनवर वाचून दाखवा."

दुसरी अडचण याहून मोठी. नोटीस निघते ती दप्तरातल्या नावाने. वडील वारले, पण मुलांनी वारस नोंद केलीच नाही. मग नोटीस कोणाच्या नावाने येणार? वारलेल्या वडिलांच्या! लेकी-सुनांना तर पत्ताच लागत नाही.

बँकेचेही असेच आहे. खात्यातून पैसे निघाले की मोबाईलवर निरोप येतो. पण तो जातो बँकेत लिहून दिलेल्या नंबरावर. नंबर बदलला आणि बँकेला सांगितले नाही, तर आपला निरोप भलत्याकडेच जातो.

म्हणजे निरोप देणे हे दप्तराचे काम. पण निरोप कोणाला द्यायचा, हे दप्तराला ठाऊक हवे. ते सांगणे आपले काम.

आणखी एक. नोटीस मिळाल्याची सही वेगळी आणि कबुलीची सही वेगळी. वर काय लिहिले आहे ते आधी वाचावे. आता आपल्याला वाचता येते. मग अंगठा पुढे कशाला करायचा?

सांगा पाहू :
1. तुमच्या सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे?
2. घरात कोणाची वारस नोंद राहिली आहे का?
3. बँकेत तुमचा कोणता नंबर लिहिला आहे?