घटक ४ : दोषनिवारणपर लेखन – बिनतारी फ्लॅश ट्रिगर

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• बिनतारी फ्लॅश यंत्रणेतील संदेशाचा मार्ग सांगता येईल.
• दोषाचे लक्षण आणि त्याचे कारण यांत फरक करता येईल.
• दोषनिवारणाच्या सूचना योग्य क्रमाने मराठीत लिहिता येतील.

४.१ प्रास्ताविक

नागपुरातील मे महिन्यातील एक लग्न डोळ्यांसमोर आणा. दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला, म्हणून मुहूर्त सायंकाळचा आणि मांडव मोकळ्या लॉनवर. छायाचित्रकाराने एक फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, वधूवरांच्या बाजूला स्टँडवर लावला आहे. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात; आणि नेमका तो फ्लॅश पेटत नाही. हा क्षण पुन्हा मागता येत नाही. अशी वेळ येऊ नये यासाठी आधीच वाचता येईल अशी नेमकी सूचना मदतनिसाच्या हाती, त्याच्या भाषेत असणे आवश्यक असते. ती लिहिणे हे उपयोजित मराठीचे कार्य आहे. मात्र त्यासाठी लेखकाला प्रथम यंत्राचे कार्य समजले पाहिजे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संदेशाचा मार्ग

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेला हॉट शू म्हणतात. शटर उघडताच तिच्या मध्यबिंदूतून विद्युतसंकेत ट्रान्समीटरला, म्हणजे प्रेषकाला मिळतो. प्रेषक तो रेडिओ लहरींनी रिसीव्हरकडे, म्हणजे ग्राहीकडे पाठवतो आणि ग्राही फ्लॅश पेटवतो. काही फ्लॅशमध्ये ग्राही आतच बसवलेला असतो. कॅमेरा, प्रेषक, हवा, ग्राही, फ्लॅश अशी ही साखळी आहे. दोष शोधणे म्हणजे साखळीची कोणती कडी तुटली ते ठरवणे होय.

४.२.२ लक्षणाकडून कारणाकडे

(अ) फ्लॅश मुळीच पेटत नाही : प्रथम प्रेषकावरील चाचणीचे बटण दाबावे. फ्लॅश पेटला, तर पुढील साखळी ठीक आहे. दोष कॅमेरा आणि प्रेषक यांच्यामध्ये आहे. प्रेषक खाचेत पूर्ण सरकलेला नसणे, संपर्कबिंदूंवर घाम वा धूळ असणे, अथवा कॅमेऱ्यात आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर चालू असणे ही त्याची नेहमीची कारणे होत. चाचणीनेही फ्लॅश पेटला नाही, तर फ्लॅशवरील स्वतःचे बटण दाबावे. तेव्हाही तो न पेटल्यास बॅटरी पाहावी. तो पेटल्यास प्रेषक व ग्राही यांचे चॅनेल आणि गट जुळतात का, हे तपासावे.

(आ) फ्लॅश कधी पेटतो, कधी नाही : उतरत आलेल्या बॅटरीमुळे फ्लॅश पुन्हा सज्ज होण्यास वेळ लागतो. सलग वापराने तो तापला, तर अनेक फ्लॅश स्वसंरक्षणासाठी आपली गती कमी करतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे. तिसरे कारण गर्दीचे. बरेच ट्रिगर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. या लहरी सुमारे १२.५ सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि पाण्यात शोषल्या जातात. माणसाच्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्याने मध्ये उभे राहिलेले वऱ्हाड या लहरींना अडथळा ठरते. म्हणून ग्राही माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावा. न सांगता फ्लॅश पेटू लागला, तर जवळच्या दुसऱ्या छायाचित्रकाराचे चॅनेल तेच असण्याचा संभव असतो. आपले चॅनेल बदलावे.

(इ) फ्लॅश पेटतो, पण छायाचित्र बिघडते : छायाचित्राच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर शटरचा वेग मर्यादेपलीकडे गेला आहे. अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद असते. तीपेक्षा कमी वेग ठेवावा.

४.२.३ सूचनेची भाषा

पुढील दोन सूचना ताडून पाहा.

१. ‘ट्रिगरची जोडणी व्यवस्थित असल्याची खात्री करण्यात यावी.’
२. ‘ट्रान्समीटर काढा. त्याचे संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसा. तो खाचेत शेवटपर्यंत सरकवा. कडी आवळा. चाचणीचे छायाचित्र घ्या.’

पहिली सूचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु वाचणाऱ्याच्या हाताला काय करायचे हे ती सांगत नाही. दुसरीत एका वाक्यात एकच कृती आहे, क्रियापद आज्ञार्थी आहे आणि शेवटी पडताळणी आहे. येथे ‘प्रेषक’ऐवजी ‘ट्रान्समीटर’ हा शब्द योजला आहे, कारण कामावरच्या माणसांच्या तोंडी तोच असतो. विवेचनात पारिभाषिक शब्द शोभतो. सूचनेत ओळखीचा शब्द उपयोगी पडतो.

आणखी एक पथ्य पाळावे : एका वेळी एकच गोष्ट बदलण्यास सांगावे. बॅटरी, चॅनेल आणि जागा एकदम बदलल्यास फ्लॅश पेटेलही. पण दोष कोठे होता हे कळणार नाही, आणि तो पुन्हा उद्‌भवेल.

४.३ सारांश

दोषनिवारणपर लेखनात लक्षण, कारण, उपाय आणि पडताळणी हा क्रम असतो. संदेशाच्या मार्गावरून टप्प्याटप्प्याने जाणारी सूचनाच वाचकाला दोषापर्यंत पोहोचवते. अचूक भाषा ही येथे अचूक विचाराची खूण आहे.

४.४ स्वाध्याय

१. चाचणीच्या बटणाने फ्लॅश पेटतो, पण छायाचित्र घेताना पेटत नाही. दोष साखळीत कोठे असेल? कारणासह लिहा.
२. ‘गर्दीत फ्लॅश अधूनमधून पेटत नाही’ या दोषासाठी मदतनिसाला पाच वाक्यांत सूचना लिहा.
३. आपल्या घरातील किंवा व्यवसायातील एका उपकरणासाठी दोषनिवारण-पत्रक तयार करा. ते उपकरण प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीला वाचायला द्या आणि ती जेथे अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहा.