बंदूक, परवाना आणि तिऱ्हाईत

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बंदुकीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या विम्याच्या तासातच आहे. मोटारमालकाने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरवावा की नाही, हे कायदा त्याच्यावर सोडतो; परंतु तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. कारण रस्त्याने चाललेल्या माणसाने कसलाही करार केलेला नसतो आणि इजा मात्र त्याला होते. बंदुकीच्या व्यवहारातही विकणारा व घेणारा यांच्याखेरीज असा तिसरा असतो: घरातले पोर, शेजारचा शेतकरी, वाटसरू. बंदूक घेणाऱ्यास सुरक्षिततेचे प्रशिक्षण सक्तीचे असावे काय, हा प्रश्न त्याच्या बाजूने पाहिला पाहिजे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीस परवाना लागतो. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली आणि परवाना मागणाऱ्यास प्रशिक्षणाची अट आली. शस्त्र हाताळणे, चालविणे, त्याची निगा राखणे व ते सुरक्षित ठेवणे हे विषय त्यात आहेत. म्हणजे तत्त्व मान्य झाले आहे. तरीही तीन आक्षेप ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा की, गुन्हेगार परवाना काढायला जात नाही. मग शिकवायचे कोणाला? हे खरे आहे. पण प्रशिक्षण सज्जनाच्या चुकीसाठी असते. आपल्या खानापूरसारख्या रानालगतच्या भागात पिकाच्या राखणीला लागणारी ठासणीची बंदूक घ्या. नळीत एकदा दारू आणि छर्रे ठासले की काडतुसासारखे ते चटकन काढता येत नाहीत. रात्रभर डुक्कर आले नाही, तर भरलेली बंदूक तशीच घरी येऊन भिंतीला टेकते. दारू सर्दलेली असली तर घोडा पडूनही कधी बार उशिरा उडतो. अशा वेळी नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचे असते. तिच्यात डोकावायचे नसते. एवढे ठाऊक असले तरी एखादा जीव वाचतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपल्याच राज्यात कोडगूमध्ये कोडव समाजास व जम्मा जमीनधारकांस परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती ग्राह्य धरली. कैल्पोद सणाला तेथे शस्त्रांची पूजा होते. परंतु जेथे वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बंदूक हाताळायला शिकवतात, तेथे प्रशिक्षण घरीच होते. ज्याच्या घरात पहिलीच बंदूक येते, त्याला कोण शिकविणार?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला वजनदार वाटतो. शेतकऱ्याने दोन दिवसांचे काम बुडवून जिल्ह्याच्या गावी जावे, फी भरावी आणि न कळणाऱ्या भाषेत व्याख्यान ऐकावे, तर प्रमाणपत्र हा केवळ शिक्क्याचा कागद होईल. शिवाय कायदेशीर मार्ग महाग झाला की बिनपरवान्याच्या बंदुकीचा मोह वाढतो आणि तिऱ्हाइताची जोखीम उलट वाढते. म्हणून हे वर्ग तालुक्याच्या गावी, मराठी व कन्नड दोन्ही भाषांत भरावेत आणि लहान शेतकऱ्यास फी नसावी.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही तीत आहे. मुदत लांबली, तेव्हा प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवावी. बंदूक आणि दारूगोळा वेगवेगळे कुलुपात ठेवण्याची सवय तेथे पुन्हा तपासता येईल.

विम्याची रक्कम अपघातानंतर तिऱ्हाइताच्या वारसांना मिळते. प्रशिक्षणाचा लाभ त्याला स्वतःला, जिवंतपणी मिळतो. म्हणून माझे मत सक्तीच्या बाजूने आहे. मात्र ती सक्ती गरिबाला पाळता येईल अशी असावी.