पंचविसाव्या वर्षी हेड शेफ

2014 च्या मे महिन्यात माझ्या पांढऱ्या कोटावर ‘हेड शेफ’ ही अक्षरं पहिल्यांदा शिवली गेली. मी पंचवीस वर्षांचा होतो. आईनं कोटाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ऑगस्टच्या अखेरीस आमचं हॉटेल बंद पडलं. मालकांचं नुकसान झालंच, पण मसाल्याचं वाटप करणाऱ्या मावशी, तव्यावरची दोन मुलं आणि भांडीवाला अशी चार माणसं महिनाभर बिनपगारी राहिली. तो हिशेब अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी तो नीट वाचावा असं वाटतं.

हॉटेल पुण्यातलं, मालवणी जेवणाचं, साठ खुर्च्यांचं. मुख्य ताट सुरमईचं. ताटाचा भाव मी काढला, कारण ते हेड शेफचंच काम. मासा गणेश पेठेतून यायचा, तेव्हा 500 रुपये किलो. तुकडी 130 ग्रॅमची. म्हणजे तुकडीचे 65 रुपये, भात, सोलकढी, भाकरी, आमटीचे 30, एकूण 95. धंद्यात शंभराच्या बिलामागे कच्च्या मालाचे तीस ते पस्तीस रुपये धरतात, म्हणून ताट 280 ला लावलं. कागदावर चोख बसलं.

आता खरा हिशेब सांगतो. चार किलोच्या सुरमईचं डोकं, शेपूट, पर आणि पोटातला भाग काढला की हातात तुकड्या उरतात 2 किलो 600 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वीस तुकड्या. दोन हजारांचा मासा भागिले वीस, तुकडी शंभराला पडली. ताटाचा कच्चा माल 95 नव्हे, 130. आणि वर डोकी मी स्टाफच्या कालवणात घालत होतो. त्याच डोक्यांचं कालवण वेगळं विकलं असतं तर थोडं भरून निघालं असतं.

त्यात जून लागला. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीसाठी. कोकणातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. मी साताऱ्याचा असलो तरी मला ते ठाऊक होतं, पण मेनू छापताना मी त्याचा विचार केला नाही. सुरमई 800 वर गेली. तुकडी 160, ताट 190 ला पडायला लागलं आणि आम्ही विकत होतो 280 ला. उरलेल्या नव्वदात भाडं, गॅस, वीज, पगार. गर्दी असूनही तोटा भरून निघत नव्हता. रविवारी दाराबाहेर रांग पाहून मी खूश व्हायचो.

मला हे का कळलं नाही? त्याआधी अडीच वर्षं मी मोठ्या हॉटेलात ‘कमी’ (commis), म्हणजे हाताखालचा शिकाऊ शेफ होतो. सॅलडं, कोल्ड कट्स, प्लेटिंग यांत माझा हात चांगला बसला. बुचरीची, म्हणजे मांस-मासळी साफ करून कापायच्या कामाची पाळी आली तेव्हा वास नको, थंड खोलीत उभं राहणं नको म्हणून मी ती दुसऱ्याशी बदलून घेतली. स्टोअरचं इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, कसं भरतात हेही पाहिलं नाही. माझ्यासमोर मासा यायचा तो ट्रेमध्ये, साफ करून, कापून. तो किती किलोचा होता हे विचारायची गरजच पडली नाही. नेमकं तेच न शिकलेलं काम माझ्या पहिल्याच मोठ्या जबाबदारीत आडवं आलं. पगार सोळा हजारांवरून पस्तीस हजार होत होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

ते हॉटेल बंद पडल्यावर मी पुन्हा ‘कमी’ म्हणून लागलो, दुसऱ्या हॉटेलात, स्वतःहून बुचरी मागून. तिथले उस्ताद गढवालचे, तीस वर्षं सुरी चालवलेले. माझ्या हातात पहिल्या दिवशी सुरी दिलीच नाही. वजनकाटा दिला. आठवडाभर मी फक्त तोलत होतो: आलेला मासा, साफ केलेला मासा, टाकलेला भाग, तारीख, भाव. ती वही माझ्याकडे आहे.

म्हणून शिकायला निघालेल्यांना सांगतो. दादरचं कॅटरिंग कॉलेज, गोव्यात पर्वरीचं, पुण्यात शिवाजीनगरचं, या सरकारी संस्था चांगल्या आहेत, प्रवेशाची चौकशी वेळेवर करा. पण लाखांची फी भरण्याआधी एक महिना कुठल्याही चालत्या हॉटेलच्या भटारखान्यात, पगार मिळो न मिळो, उभे राहा. दिवाळीच्या, लग्नसराईच्या दिवसांत राहा. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी दहा ते तीन आणि संध्याकाळी सहा ते बारा, ती पायांना आणि घरच्यांना झेपते का हे महिन्यात कळतं. माझ्या पायांच्या शिरा बत्तिसाव्या वर्षी फुगल्या. पहिल्या दिवसापासून चांगले बूट आणि दाबाचे मोजे घाला, हा खर्च टाळू नका.

ट्रेनिंगमध्ये जो विभाग आवडत नाही, तिथे जास्त दिवस मागून घ्या. तंदूर, हलवाई, बेकरी, बुचरी, स्टोअर. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि ठरावीक मुदतीनं टायफॉइडची लस कायद्यानं लागते, हे नुसतं कागदावर करणाऱ्या जागी थांबू नका. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये तासन् तास ठेवणारा शेफ कितीही नावाजलेला असो, त्याच्या हाताखाली चुकीची सवय लागेल.

आणि हेड शेफचं पद समोर आलं की पगाराआधी हे विचारा: खरेदी कोण करणार? भाव कोण ठरवणार आणि तीन महिन्यांनी बदलू देणार का? चार महिने तोटा झाला तरी पगार निघतील इतका पैसा हाताशी आहे का? मी यातलं एकही विचारलं नव्हतं. मालक भले होते, त्यांनी उत्तर दिलं असतं.

मुलींच्या आईवडिलांना वेगळं सांगतो: रात्री बारानंतर घरी सोडायची गाडी आहे का, कपडे बदलायची स्वतंत्र खोली आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. माझ्या हाताखालच्या दोन सर्वांत चांगल्या शेफ मुली या दोन गोष्टींअभावी आधीच्या जागा सोडून आल्या.

आता माझ्याकडे नवा मुलगा आला की पंधरा दिवस मासळीच्या सिंकपाशी असतो. हल्ली जून-जुलैत ताटातून सुरमई काढून आम्ही सुकटीची चटणी, जवळ्याचं सुकं आणि काळ्या वाटाण्याची आमटी देतो. कोकणात घरोघरी पावसाळ्यात हेच शिजतं. वाटप करायला त्याच मावशी आहेत. त्यांचा 2014 चा थकलेला पगार त्या माझ्याकडे आल्या त्या पहिल्या वर्षीच मी दिला.