तुझ्या वॉर्डातलं शून्य

मिरज,
सोमवार, रात्री

चि. चिमी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि मागे कोणीतरी "मॅडम, सही" म्हणत उभं असतं. शिवाय जे सांगायचं आहे ते तुला आवडणारं नाही. तू मध्येच फोन ठेवलास तर पुन्हा लावायचा मला धीर व्हायचा नाही.

तुझ्या वॉर्डातली एक गोष्ट कानावर आली. कोणी सांगितली ते विचारायचं नाही. मी चाळीस वर्षं या धंद्यात काढली, माझ्या विद्यार्थिनी गावोगाव आहेत, एवढं तुला पुरे.

गेल्या महिन्यात नाइटच्या एका मुलीनं एका आजोबांना इन्सुलिन दिलं. तेच इन्सुलिन संध्याकाळच्या मुलीनं जाता जाता देऊन ठेवलं होतं, चार्टवर मात्र मांडलं नव्हतं. डबल डोस गेला हे कळल्यावर पोरीचे हातपाय गार पडले. रात्रभर ती तासातासाला शुगर बघत बसली, साखरपाणी पाजत राहिली. पहाटे आकडा ताळ्यावर आला. डॉक्टरला तिनं कळवलं नाही, रिपोर्ट लिहिला नाही. सांगितलं कोणाला, तर वॉर्डातल्या मावशींना. सकाळी शिफ्ट बदलताना तू ओव्हर घ्यायला उभी राहिलीस, "काही विशेष?" म्हणालीस, आणि ती म्हणाली, "काही नाही मॅडम, सगळे स्टेबल आहेत."

ती मुलगी कोण, हे शोधायला निघू नकोस. आधीच बजावते.

त्याच महिन्यात तुझ्या वॉर्डाचं क्वालिटीच्या मीटिंगमध्ये कौतुक झालं, सहा महिन्यांत एकही इन्सिडेंट रिपोर्ट नाही म्हणून. त्या कौतुकाच्या प्रमाणपत्राचा फोटो तू मला पाठवलास आणि मी अंगठा दाखवला. तो अंगठा मी परत घेते. अगं, तीस खाटांचा सर्जिकल वॉर्ड, दिवसाला शेकड्यानं इंजेक्शनं आणि गोळ्या, आणि सहा महिन्यांत एक चूक नाही? एखादी बाटली चुकीच्या खाटेला लागता लागता राहिली, तेही नाही? मी इनचार्ज असते तर त्या शून्यानं माझी झोप उडाली असती. तू ते फ्रेम करून भिंतीला लावलंस.

शिकवायला होते तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना मी एक अभ्यास सांगायचे. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाई. १९९६ साली छापून आलेला त्यांचा निबंध. रुग्णालयांच्या वेगवेगळ्या युनिटांत औषधांच्या चुका किती होतात हे त्या बघायला गेल्या. अंदाज असा, की जिथे एकोपा चांगला, जिथली इनचार्ज चांगली, तिथे चुका कमी सापडतील. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या युनिटांतच जास्त चुका! बाई चक्रावल्या. मग खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथल्या नर्सेस चुका जास्त करत नव्हत्या, उघड बोलत होत्या. आणि जिथे इनचार्जचा दरारा होता तिथे चूक गिळून टाकायची रीत पडली होती. वर्गातल्या मुली हे ऐकून हसायच्या. आता वाटतं, तुलाही त्या बाकावर बसवायला हवं होतं.

ती पोर घाबरली कशाला हेही मला कळलं आहे. वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तू फोटो टाकतेस. कोणी इंट्राकॅथ नीट चिकटवलं नाही, कोणाच्या ट्रॉलीवर वापरलेला कापूस राहिला, की फोटो आणि खाली त्या मुलीचं नाव. परवा म्हणे एकीला पेशंटच्या नातेवाइकांसमोर "तुला जीएनएमच्या परीक्षेत कोणी पास केलं?" असं विचारलंस. चिमी, हे वाक्य ऐकून त्या नातेवाइकानं काय शिकावं? या मुलीच्या हातून सलाईन लावून घेऊ नये, हेच. दुसऱ्या दिवशी तिनंच तिथे सुई लावायची असते. तुझ्या वॉर्डात पोस्टिंग लागलं की मुली देवाला नारळ बोलतात, असंही ऐकलं. हे ऐकून मी हसले नाही.

तू म्हणशील, धाकाशिवाय या पोरी काम करत नाहीत. तुझं हे वाक्य मी दोनतीनदा ऐकलं आहे. केईएमच्या नर्स अरुणा शानभागची हकीकत तुला सांगायला नको. १९७३ च्या नोव्हेंबरात तिच्यावर तो हल्ला झाला, ती अंथरुणाला खिळली आणि २०१५ च्या मे महिन्यात ती गेली. जवळजवळ बेचाळीस वर्षं. ज्यांनी तिला चालताबोलताना पाहिलं होतं त्या नर्सेस रिटायर झाल्या, पुढच्या तुकडीनं तिच्या सेवेचं काम घेतलं, त्यांच्यानंतर ज्या आल्या त्या तर हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. इतकी वर्षं खिळलेल्या बाईच्या अंगाला बेडसोर होऊ दिला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातसुद्धा आलं आहे. त्या बेचाळीस वर्षांत मेट्रन किती बदलल्या असतील, इनचार्ज किती बदलल्या असतील! कोणाच्या धाकानं हे झालं? रात्री तीनला, कोणी बघत नसताना, कूस बदलायला उठणारी मुलगी मेमोला भिऊन उठत नाही.

नाइटिंगेलबाईंनीही १८५९ च्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण यावर खर्ची घातलं आहे, की तू असताना जे होतं ते तू नसतानाही होईल अशी व्यवस्था लाव. आपण १२ मेला त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि ते प्रकरण कोणी वाचत नाही. पण ते असो.

आता तुला टोचेल असं एक बोलते. सातवीत सहामाहीला तू गणितात नापास झालीस तेव्हा प्रगतिपुस्तक कुठे ठेवलं होतंस? तांदळाच्या डब्यात. दादाचा राग म्हणजे काय होता ते आपण दोघींनी बघितलंय. गिरणी बंद पडल्यावर तर तो जमदग्नीच झाला होता, वहिनी भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही. तू तीन दिवस पोट दुखतंय म्हणून शाळेत गेली नाहीस, आणि चौथ्या दिवशी मला येऊन सांगितलंस. दादाला नाही, आईला नाही, मला. मी सही केली आणि दर रविवारी तुला त्रैराशिक शिकवायला बसले. दादाला वाटत राहिलं, पोरगी अभ्यासात पक्की आहे, कधी तक्रार नाही. त्याच्या घरातही शून्यच होतं, चिमी.

तुझ्या वॉर्डातल्या त्या मावशी म्हणजे त्या पोरीची आत्या. फरक एवढाच, की मला त्रैराशिक येत होतं. मावशींना इन्सुलिन किती तास साखर उतरवत राहतं हे ठाऊक नाही. त्या आजोबांची शुगर पहाटे पुन्हा घसरली असती तर?

बघ, लिहिता लिहिता पुन्हा त्याच रात्रीवर आले. काय करू, डोक्यातून जात नाही. तुझं नाव खराब होईल याची भीती मला नाही. एक दिवस खरंच काहीतरी घडेल, तू सगळ्यांत शेवटी ते ऐकशील, आणि जन्मभर स्वतःला विचारत बसशील की मला कोणी सांगितलं कसं नाही, याची आहे.

असं का म्हणते ते सांगते. तुझ्या बारशाला जिनं कुंची शिवून दिली ती माझी बॅचमेट आठवते? तिचं माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं. निमित्त काय, तर दिवाळीची सुट्टी. मी मागितली, मिळाली तिला. मी अबोला धरला, तिनं दुप्पट धरला. एकाच वॉर्डात आम्ही चिठ्ठीनं ओव्हर द्यायचो, वॉर्डातले मामा मध्यस्थ. एकदा जतकडचा एक माणूस दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला होता, त्याला रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं. चिठ्ठी मामांच्या खिशातच राहिली. सकाळी बायकोनं त्याला चहा-बिस्कीट दिलं, भूलतज्ज्ञांनी टेबलावर घ्यायला नकार दिला, ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. त्याचा मुलगा ऊसतोडीवरून चार दिवसांची मजुरी बुडवून आला होता. तो आमच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढे कळलं, ती सुट्टी तिनं मागितलीच नव्हती, मेट्रनबाईंनी आपणहून लावली होती. मी एका वाक्यात विचारू शकले असते. नाही विचारलं. ती गेली तेव्हा आम्ही पुन्हा मैत्रिणी झालो होतो, पण ती तीन वर्षं कुठून आणू?

म्हणून तुला म्हणते, उद्यापासून ओव्हर टेबलापाशी घेऊ नकोस, खाटेपाशी घे, दोन्ही शिफ्टच्या मुली समोर उभ्या करून. आणि "काही विशेष?" विचारू नकोस. त्याला "काही नाही" हेच उत्तर तयार असतं. "रात्री कशाची भीती वाटली?" असं विचार. पहिले आठ दिवस कोणी तोंड उघडणार नाही. मग एखादी म्हणेल, मॅडम, दोन्ही औषधांचे अॅम्प्यूल सारखेच दिसतात, मी जवळजवळ चुकले होते. तेव्हा कपाळाला आठी न घालता ते अॅम्प्यूल वेगळ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लाव आणि त्या मुलीच्या नावानं रिपोर्ट लिही, शाबासकी म्हणून. ग्रुपवरचे फोटो बंद. रागवायचं असेल तर ड्रेसिंग रूममध्ये ने, दार लाव, काय बोलायचं ते बोल, आणि बाहेर येताना तिच्या बरोबर ये.

रात्री डॉक्टरला फोन करायला मुली बिचकतात, तेही शिकवावं लागतं. "सर, अकरा नंबरला बरं वाटत नाहीये" म्हटलं की झोपेतला हाऊसमन "बघतो" म्हणून कूस बदलतो. त्यांना असं बोलायला लाव: "सर, अकरा नंबर, काल ऑपरेशन झालेले आजोबा. पल्स १३०, वरचं बीपी ८०, पोट ताठ लागतंय. आत रक्त जातंय असं वाटतं. आत्ता येऊन बघा." या पद्धतीला एसबार म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून ती तिथल्या रुग्णालयांत आली. त्या चार वाक्यांतलं शेवटचं वाक्य म्हणायला आपल्या पोरींची जीभ रेटत नाही. चुकलं तर मॅडम आपल्या बाजूनं उभ्या राहतील, असं वाटलं तरच रेटेल. आणि नातेवाईक अंगावर आले तर पुढे तू हो. आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे, नर्सवर हात टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रात्री दोनला वॉर्डात कायदा येत नाही, इनचार्जला फोन जातो.

बरंच बोलले. आता रागावून बसू नकोस.

तुझं कसं चाललंय ते मला दिसत नाही असं समजू नकोस. नर्सिंग कौन्सिलचा मापदंड साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स म्हणतो आणि तुझ्याकडे रात्री तीस खाटांना दोन मुली. त्यातली एक नवी. वरून मॅनेजमेंटला आकडे हवेत, डॉक्टरांना राऊंडला तूच हवीस, घरी वेदची दहावी, जावईबापू नाशकात. माणूस कुठेतरी फुटतोच, आणि फुटतो तो आपल्याहून लहान माणसावर. दादाचंही तेच झालं होतं. तो वाईट नव्हता गं, पोळला होता. तुझं शिक्षण व्हावं म्हणून वहिनीनं पाटल्या मोडल्या तेव्हा अंगणात जाऊन रडलेला मी त्याला पाहिला आहे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि पहिल्या पोस्टिंगला तू मला रात्री दीडला फोन केला होतास. बाळाला सुई मिळत नव्हती, हात थरथरत होता. तुझ्या तेव्हाच्या इनचार्जनं "सरक बाजूला" न म्हणता तुझा हात धरून सुई लावून घेतली, आणि तू पुढे महिनाभर तिचंच कौतुक मला ऐकवलंस. त्या बाई अजून आहेत का तिथे कुठे? असल्या तर एकदा चहाला जा त्यांच्याकडे.

त्या इन्सुलिनवाल्या मुलीला शोधू नकोस, हे पुन्हा लिहिते. कधीतरी ती आपणहून येऊन सांगेल. तेव्हा आधी तिला बसायला सांग, पाणी दे, आणि आजोबांची शुगर रात्रभर तासातासाला बघितलीस हे चांगलं केलंस, एवढं पहिलं बोल. बाकीचं नंतर.

गणपतीत दोन दिवस तरी रजा टाक. वेदला घेऊन ये, त्याला भूमितीत काही अडत असेल तर आणू दे वही, माझे डोळे अजून चालतात. येताना तुझी बीपीची गोळी विसरू नकोस, मागच्या वेळी विसरली होतीस. या पत्रातलं दादाला काही सांगितलेलं नाही.

तुझी,
आत्या