गोल्फ खेळाचे प्राथमिक धडे

खानदेशांतील मुलांस विटीदांडू मुद्दाम शिकवावा लागत नाहीं. धुळ्यास पांझरेच्या कांठीं काय किंवा जळगांवास मेहरूण तलावाजवळ काय, मोकळी जागा दिसली कीं गल खणली जाते आणि विटी कोलली जाते. गोल्फ मात्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं केवळ चित्रांत पाहिलेला असतो. हा श्रीमंतांचा खेळ, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें पालक विचारतील. त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं आपण तो खेळ समजून घेऊं.

गोल्फ वाढला स्कॉटलंडांत. भारतांत १८२९ सालीं कलकत्त्यास व १८४२ सालीं मुंबईस या खेळाचे क्लब निघाले. आपल्या शेजारच्या नाशिक शहरांतील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक अद्यापि 'गोल्फ क्लब' म्हणतात. तेथून खेळ गेला, नांव तेवढें राहिलें.

खेळाचा हेतु साधा आहे. ठराविक जागेवरून चेंडू मारीत न्यावयाचा आणि दूरच्या खळगींत शक्य तितक्या कमी टोल्यांत घालावयाचा. अशा अठरा खळग्यांची एक फेरी होते. खळगीचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरांहून कमी नसावा व वजन ४५.९३ ग्रॅमांहून अधिक नसावें, असा नियम आहे. कसलेल्या खेळाडूस कोणत्या खळगीस किती टोले पुरावेत हें आधींच ठरलेलें असतें. त्या संख्येस 'पार' म्हणतात. ती बहुधा तीन, चार किंवा पांच असते. चौदांहून अधिक काठ्या जवळ बाळगतां येत नाहींत.

पहिला धडा पकडीचा. उजव्या हातानें खेळणारानें डावा हात वर व उजवा त्याच्या खालीं, दोन्ही एकमेकांस लागून ठेवावेत. कुऱ्हाडीचा दांडा आवळतात तशी मूठ आवळली, तर मनगटें ताठरतात आणि काठी मोकळेपणीं फिरत नाहीं.

दुसरा धडा उभें राहण्याचा. पायांत खांद्यांइतकें अंतर असावें, गुडघे किंचित् लवलेले असावेत आणि पाठ न वाकवितां कमरेंतून पुढें झुकावें. दोन्ही अंगठ्यांस जोडणारी रेषा लक्ष्याच्या दिशेस समांतर हवी. पुष्कळ चेंडू वांकडे जातात ते खेळाडू उभाच वांकडा राहिल्यामुळें.

तिसरा धडा टोल्याचा. काठी केवळ हातांनीं उचलूं नये. खांदे व धड वळवून ती मागें न्यावी. तेव्हां शरीराचा भार उजव्या पायावर येतो. काठी खालीं येतांना तो डाव्या पायावर जातो, आणि टोल्यानंतरही काठी पुढें फिरूं द्यावी लागते. चेंडू वर उडवावा म्हणून नवशिका तो खालून उचलूं पाहतो, आणि तेथेंच फसतो. काठीच्या मुखास उतार असतो. चेंडू उडविण्याचें काम तो उतारच करतो. विटी हवेंत असतांना टोलावयाची असते, गोल्फचा चेंडू तर जमिनीवर स्थिर असतो. म्हणून चुकल्यास दोष देण्यास दुसरें कोणी सांपडत नाहीं!

चौथा धडा खळगीजवळचा. तेथील बारीक कापलेल्या हिरवळीवर मनगटें न हलवितां, खांद्यांच्या झोक्यानें चेंडू लोटावयाचा असतो. पार ठरवितांना प्रत्येक खळगीस असे दोन टोले धरलेले असतात. म्हणजे ७२ टोल्यांच्या मैदानावर ३६ टोले येथलेच. यास्तव शिकणारानें आरंभ खळगीपासून करावा.

त्याला मोठें मैदान लागत नाहीं. कोरड्या मुलुखांत जेथें हिरवळ टिकत नसे, तेथें वाळूची सपाट जागा करून खेळत. तिला 'ब्राऊन' म्हणत. आपल्या चोपलेल्या अंगणांतही वाटीएवढी खळगी, जुना रबरी चेंडू व एक काठी एवढ्यावर सराव होईल. मात्र काठी फिरत असतां इतरांनीं दूर उभें राहावें, आणि कठीण चेंडू वस्तींत कधींच मारूं नये.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. साहित्य महाग आहे व मैदानें थोडीं आहेत, हें खरेंच. तथापि शिव शंकर प्रसाद चौरसिया याचे वडील कलकत्त्याच्या क्लबांत हिरवळीची निगा राखीत. मुलानें प्रथम इतरांच्या काठ्या वाहिल्या, आणि पुढें २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंडियन ओपन स्पर्धा जिंकली.

याहून मोठें कारण निराळेंच आहे. या खेळांत पंच प्रत्येकाच्या पाठीशीं नसतो. आपला चुकीचा टोला आपणच सांगावयाचा असतो. १९२५ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स टोल्याच्या तयारींत असतां गवतांतील चेंडू किंचित् हलला. इतर कोणीं तें पाहिलें नव्हतें. तरी त्यानें स्वतः होऊन एक टोला दंड मागून घेतला. अखेरीस तो विली मॅकफार्लेन याच्या बरोबरीस आला आणि निर्णायक सामन्यांत हरला. दंडाचा तो एक टोला नसता, तर विजेतेपद त्याचेंच होतें.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक पाठ फिरवितो तेव्हां तुमच्यावरही हाच प्रसंग येतो. गोल्फची काठी तुमच्या हातीं येवो वा न येवो, हा पांचवा धडा मात्र आजच गिरवितां येईल.