जुन्या ट्रॅक्टरांची जत्रा आणि आपल्या ट्रॉलीचा हूक
(अभ्यास-लेख)



इंग्लंड-आयर्लंडकडे उन्हाळ्याचे दिवस आले की गावोगाव जुन्या मोटारींची आणि जुन्या ट्रॅक्टरांची जत्रा भरते. एखाद्या शेतकऱ्याचे मोकळे रान घ्यायचे, एका अंगाला मोटारी, दुसऱ्या अंगाला ट्रॅक्टर आणि मधे वाफेची इंजिने व मळणीयंत्रे मांडायची. मंडळी पोराबाळांसह दिवसभर हिंडतात. म्हातारे शेतकरी आपापल्या यंत्रापाशी उभे राहून सांगतात, "हा आमच्या वडिलांनी घेतला, अजून एका हँडलात सुरू होतो." आपल्याकडे बैलांच्या प्रदर्शनात जसा दात, खूर, वशिंड बघून भाव होतो, तसेच तेथे इंजिन, गिअर व चाके पारखली जातात.

आता कोणी म्हणेल, "त्यांच्या जुन्या लोखंडाशी आपल्याला काय करायचे?" पण ही जुनी यंत्रे ओळीने नीट पाहिली तर ते एक उघडे पुस्तकच आहे. कोणत्या यंत्रात काय चूक होती, ती कशी ध्यानात आली आणि कोणी कशी सुधारली, हे सगळे त्यात वाचायला मिळते. त्यातला एक धडा तर थेट आपल्या ऊस वाहतुकीशी, म्हणजे आपल्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे. तेवढाच आज पाहू.

१) लोखंडी चाकांचा फोर्डसन

अशा जत्रेत लोखंडी चाकांचा फोर्डसन बहुधा असतोच. हेन्री फोर्डने १९१७ साली हा ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. मोटारी जशा कारखान्यात रांगेने जुळवत, तसेच त्याने ट्रॅक्टरही जुळवले. त्यामुळे किंमत उतरली आणि लहान शेतकऱ्यालाही ट्रॅक्टर घेणे जमू लागले. पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन तापले की रॉकेलवर टाकायचा, असा त्याचा रिवाज. ताकद सुमारे वीस घोड्यांची.

पण या ट्रॅक्टराला एक वाईट खोड होती. नांगर मागे साखळीने किंवा हुकाने जोडलेला असे. जमिनीत दगड किंवा झाडाचे खोड लागले की नांगर जागीच अडकायचा. इंजिन मात्र जोर लावतच राहायचे. चाकांना पुढे जाता येईना, मग सगळा ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरायचा. पुढची चाके उचलायची आणि ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर यायचा. या सगळ्याला एक सेकंदसुद्धा पुरत असे. क्लचवर पाय नेईपर्यंत खेळ खलास! असे कितीतरी शेतकरी त्या काळी दगावले.

२) करड्या रंगाचा फर्ग्युसन

त्याच रांगेत एक लहानसा करडा ट्रॅक्टर दिसेल. त्याच्याभोवती माणसे जास्त थांबतात. हा फर्ग्युसन टीई-२०. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडातील एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८८४ चा. १९०९ साली स्वतः बांधलेले विमान त्याने उडवून दाखवले होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आयर्लंडातील सरकारी ट्रॅक्टरांचे काम कसे चालते हे पाहण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. गावोगाव फिरून त्याने पाहिले आणि एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली : ट्रॅक्टर वेगळा आणि नांगर वेगळा, असे ठेवून चालणार नाही. दोघांचे मिळून एकच यंत्र झाले पाहिजे.

त्यातूनच आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरामागे दिसणारी तीन दांड्यांची जोडणी निघाली. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक आणि उचलायला हायड्रोलिक. खालचे दोन दांडे नांगर ओढतात. नांगराचा जोर वाढला की वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते, म्हणजे पुढची चाके उचलण्याऐवजी जमिनीला धरून राहतात. नांगर दगडाला अडकला तर टॉप लिंकवरचा दाब एकदम वाढतो, त्या दाबाने हायड्रोलिकची झडप हलते, मागच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि चाके जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही. शिवाय नांगराचे वजन मागच्या चाकांवर येत असल्याने पकड वाढते. म्हणूनच जेमतेम अकराशे किलोंचा हा गडी जड ट्रॅक्टराचे काम करी.

टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे तयार झाला. एकूण पाच लाखांवर निघाले. जत्रेत शेजारी स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटार उभी असेल तर तिचे बॉनेट जरूर उघडून पाहावे. दोन्ही एकाच कंपनीने बनवलेली, आणि इंजिनही एकाच घराण्यातले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीच्या, पट्टे चढवलेल्या ट्रॅक्टरांवर बसून. पुढे मॅसी-हॅरिस व फर्ग्युसन या कंपन्या १९५३ साली एक झाल्या. १९६० नंतर मद्रासला तयार होऊ लागलेला लाल मॅसी फर्ग्युसन आपण सर्वांनी पाहिला आहे. तो याच करड्या ट्रॅक्टराचा वंशज.

३) आता आपला हिशेब

येथे खरा मुद्दा येतो. फर्ग्युसनची जोडणी नांगराला वाचवते, ट्रॉलीला नव्हे. ट्रॉली आपण हुकाला लावतो. म्हणजे ट्रॉली ओढताना आपला नवाकोरा ट्रॅक्टर पुन्हा १९१७ सालचा फोर्डसनच होतो! गळीत हंगामात चढावर, पुलाच्या तोंडाशी किंवा फडातून बाहेर निघताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. बघे टाळ्या पिटतात. पण चालकाला विचारा, छातीत काय होते ते.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. ट्रॅक्टर २,००० किलोंचा. त्यातले ७०० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २ मीटर. ट्रॉलीची ओढ १,००० किलो.

हूक जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच असेल तर पुढच्या चाकांवरून १,००० × ०.४ ÷ २ = २०० किलो भार मागे जातो. हूक ८० सेंटिमीटरवर असेल तर १,००० × ०.८ ÷ २ = ४०० किलो. उंची दुप्पट, तर धोकाही दुप्पट.

दोनचाकी ट्रॉली असेल तर तिचे काही वजन हुकावर टेकते. ते ५०० किलो धरा आणि हूक मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे धरा. ५०० × ०.६ ÷ २ = १५० किलो आणखी गेले. दहाला एक असा चढ लागला तर सुमारे ७० किलो आणखी कमी.

आता बेरीज करा. उंच हुकाच्या ट्रॅक्टरात ७०० पैकी ६२० किलो गेले, पुढे राहिले अवघे ८०. क्लच झटक्याने सोडला की तेही संपले. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर वळत नाही. खालच्या हुकाच्या ट्रॅक्टरात २८० किलो शिल्लक राहतात. तेही काही भरपूर नव्हेत. म्हणूनच पुढे लावायची लोखंडी वजने कंपनीने दिलेली असतात, ती गोठ्यात पडून राहण्यासाठी नव्हेत.

४) मग करायचे काय?

ट्रॉली नेहमी ड्रॉबारच्या खालच्या हुकालाच लावावी. ट्रॉलीची दांडी उंच आहे म्हणून ट्रॅक्टरचा हूक वर चढवू नये, दांडी लोहाराकडून बदलून घ्यावी. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून काही ओढणे म्हणजे यमाला आवतण.

रुतलेला ट्रॅक्टर पुढे निघत नसेल तर जोर लावत बसू नये. आधी सरळ मागे घेऊन पाहावा. तेही जमले नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने काढावा. चाकाला ओंडका बांधून तर कधीच काढू नये. चाक अडकले की ट्रॅक्टरच फिरतो, हे वर पाहिलेच.

पुढची चाके उचलू नयेत म्हणून बॉनेटवर माणसे बसवण्याची काही ठिकाणी रीत आहे. ती बंद झाली पाहिजे. वजन लोखंडाचे लावा, पोरांचे नको.

स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना चालकाच्या रक्षणाची मजबूत चौकट सक्तीची केली आणि पुढे तेथले उलटण्याचे मृत्यू फार घटले. आपण उन्हासाठी बसवतो ते पत्र्याचे छत म्हणजे ती चौकट नव्हे. नवा ट्रॅक्टर घेताना खरी चौकट व पट्टा आहे का, हे आवर्जून विचारावे.

आणखी एक. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, टॉवेल किंवा पदर त्यात गुंतला तर माणसाने "अरे" म्हणेपर्यंत नऊ वेढे पडलेले असतात. त्यावरचे झाकण काढून ठेवू नये.

आपल्या भागातही जुने ट्रॅक्टर कमी नाहीत. कोणाच्या वाड्यात बी-२७५ असेल, कोणाकडे झेटॉर, कोणाकडे आयशर. भंगारवाल्याला किलोवर घालण्याआधी गावच्या यात्रेत एक दिवस ते रांगेने उभे करावेत, आणि ज्या हातांनी ते चालवले त्या म्हाताऱ्यांकडून पोरांनी चार गोष्टी ऐकाव्यात. कोणता ट्रॅक्टर कुठे उलटला आणि का, हेही विचारावे. ते शिक्षण फुकट मिळते. तेच रस्त्यावर घ्यायचे म्हटले तर फार महाग पडते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एकच काम करावे : हातात फूटपट्टी घ्यावी आणि आपल्या ट्रॅक्टरच्या हुकाची जमिनीपासून उंची मोजावी. वाहन भाड्याचे असले तरी मोजावी. ऊस आपला आहे, आणि तो कारखान्याच्या काट्यावर आणणारा चालकही कोणाच्या तरी घरचा कर्ता आहे.